फॅक्टरीतलं घर, पण थाटाचं: अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड होम घेणाऱ्यांसाठी

२०२३ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या बांधीव, म्हणजे जागेवरच बांधलेल्या घराची सरासरी किंमत, जमिनीसकट, पाच लाख डॉलरच्या वर होती. त्याच वर्षी फॅक्टरीत बांधून ट्रकवरून दोन भागांत येणारं नवं मॅन्युफॅक्चर्ड घर सरासरी दीड लाखाच्या आसपास मिळत होतं. फरक बघून कुणाचेही डोळे चमकतील. पण दुसऱ्या आकड्यात जमीन नाही, पाया नाही, सेप्टिक टँक नाही, विजेची जोडणी नाही आणि पुष्कळदा एसीसुद्धा नाही. हे सगळं धरूनही घर स्वस्तच पडतं. तिप्पट स्वस्त मात्र पडत नाही.

आपल्याकडची दोन प्रकारची मंडळी या घरांची चौकशी करतात. शहरापासून तासाभरावर एक-दोन एकर घेऊन राहायची इच्छा असलेली, आठवड्यातून एखाद-दोन दिवसच ऑफिसला जाणारी जोडपी, ही एक. दुसरी म्हणजे कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी स्वतःच्याच घराच्या बॅकयार्डमध्ये आई-बाबांसाठी वेगळं छोटं घर हवं असणारी. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना मुलांच्या गोंगाटातून जरा बाजूला, पण हाकेच्या अंतरावर राहता येतं, हे या घराचं मोठं सुख. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. डीलर सगळ्यात आधी किचन दाखवतो, तुम्ही ते सगळ्यात शेवटी बघा. आधी जमीन, मग मालकीचे कागद आणि कर्ज, मग भिंतीच्या आतलं हाड, आणि त्यानंतर ग्रॅनाइटचा ओटा.

घराची जात ओळखा

१५ जून १९७६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, देशभरासाठी एकच बांधकाम नियमावली लागू झाली. त्याआधीची ती मोबाइल होम्स. हायवेच्या कडेला दिसणारी, पत्र्याची, लांबुडकी. आज कुणी तसलं जुनं घर 'जरा रिपेअर केलं की झालं' म्हणून गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा. त्यावर धड कर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, आणि वायरिंग अनेकदा ॲल्युमिनियमचं असतं.

१९७६ नंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरच्या बाजूला दोन इंच बाय चार इंचांची लाल धातूची पट्टी असते. दोन भागांचं घर असेल तर पट्ट्याही दोन. घरात एक छापील कागदही चिकटवलेला असतो, त्याला डेटा प्लेट म्हणतात. तो किचनच्या कपाटात, बेडरूमच्या क्लॉजेटमध्ये किंवा विजेच्या पॅनेलजवळ सापडतो. घर कुठल्या फॅक्टरीत, कधी बनलं, किती वारा आणि छतावर किती बर्फ पेलेल, कुठल्या हवामानासाठी त्यात इन्सुलेशन घातलंय, हे सगळं त्या एका कागदावर असतं. जुनं घर बघायला गेलात तर फोन काढून पहिला फोटो याचाच घ्या. आधीच्या मालकाने रंगकाम करताना पट्टी काढून टाकलेली असेल किंवा कागद फाडून फेकलेला असेल, तर पुढे बँकेत अडकाल.

मॉड्युलर घरही फॅक्टरीतच बनतं, पण त्याला हडची नियमावली लागत नाही. ते राज्याच्या आणि गावच्या नेहमीच्या बांधकाम नियमांप्रमाणे होतं आणि बँक त्याला बांधीव घरासारखंच वागवते. मॅन्युफॅक्चर्ड घराला कायमची लोखंडी चॅसी असते, ती घराखालून कधीच काढली जात नाही. सेल्समन बोलण्याच्या ओघात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. थेट विचारा, 'लाल पट्टी लागणार की नाही?' उत्तरात जात कळते.

जमीन

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण घराची चूक एक वेळ दुरुस्त होते, जमिनीची होत नाही.

घर कसं बांधायचं यावर हडचा नियम चालतो, पण ते कुठे ठेवायचं हे ठरवतं गाव. कॅलिफोर्नियात कायमच्या पायावर बसवलेलं मॅन्युफॅक्चर्ड घर स्वतंत्र घरांच्या प्लॉटवर नाकारता येत नाही, आणि बॅकयार्डमधलं दुसरं घर म्हणूनही ते चालतं. टेक्सासात अनेक शहरांच्या हद्दीत बंधनं आहेत, हद्दीबाहेर काउंटीत बरीच मोकळीक. पण काउंटीने हो म्हटलं तरी त्या जमिनीच्या खरेदीखतातच 'इथे मॅन्युफॅक्चर्ड घर चालणार नाही' अशी अट टाकलेली असू शकते. ती अट झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय बांधता येईल त्याच्या सरकारी नकाशात दिसत नाही, मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या कागदांत दिसते. सोसायटी, म्हणजे एचओए असेल तर तिचे नियम वेगळे. तिन्ही ठिकाणी लेखी विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मग जमिनीची तब्येत. गावचं ड्रेनेज नसेल तर सेप्टिक लागणार, आणि माती पाणी शोषते की नाही याची चाचणी नापास झाली तर साध्या सेप्टिकऐवजी महागडी यंत्रणा बसवावी लागते किंवा परवानगीच मिळत नाही. विहीर खणायची असेल तर शेजाऱ्यांना विचारा, पाणी किती खोल लागलं. फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याचा पूरनकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. प्लॉट पूररेषेत असेल तर पुराचा विमा दर वर्षी मानगुटीवर बसतो.

आणि एक साधी गोष्ट, जी घर ट्रकवर चढल्यावरच लोकांना आठवते. सोळा फूट रुंद आणि साठ-सत्तर फूट लांब घराचा भाग त्या जागेपर्यंत पोचणार कसा? अरुंद वळण, रस्त्यावर वाकलेलं ओकचं झाड, कच्चा पूल, खाली लोंबणाऱ्या तारा. घर पोचवणाऱ्याला आधीच जागेवर बोलवा आणि त्याच्याकडून लेखी घ्या की रस्ता चालेल.

जमीन भाड्याची असलेले पार्कही असतात. घर तुमचं, जागा मालकाची, दर महिन्याला लॉट रेंट. हे सगळे गरिबांचेच पार्क असतात असं नाही. मालिबूच्या पॅराडाइज कोव्हमध्ये समुद्रावरची अशी घरं मिलियन डॉलरच्या पुढे विकली जातात, आणि जमीन तरीही दुसऱ्याचीच. पार्कबद्दल माझं मत फारसं बरं नाही. घर 'मोबाइल' म्हटलं तरी ते उचलून दुसरीकडे नेणं हजारो डॉलरचं काम असतं, त्यामुळे भाडं वाढलं की भाडेकरू अडकतो. आधीचा मालक प्रेमळ असेलही, पण गेल्या काही वर्षांत गुंतवणूकदार कंपन्यांनी असे पार्क सपाट्याने विकत घेतलेत. पार्कातच राहायचं असेल तर रहिवाशांच्या सामाईक मालकीचे पार्क शोधा. न्यू हॅम्पशायरमध्ये असे बरेच आहेत.

कागद आणि कर्ज

इथे दोन वाटा फुटतात आणि दोन्हींतला फरक तुमच्या खिशाला वीस वर्षं जाणवतो.

पहिल्या वाटेत घर ही गाडीसारखी जंगम वस्तू मानली जाते. तिला टायटल, म्हणजे मालकीचा दाखला मिळतो, काही राज्यांत तर गाड्यांच्याच खात्याकडून. तिच्यावरचं कर्ज चॅटल लोन. लवकर मिळतं, कागद कमी, आणि डीलरच्या टेबलावरच फॉर्म तयार असतो. पण व्याज बऱ्यापैकी जास्त, मुदत कमी, आणि हप्ता थकला तर घरकर्जाला मिळणारी काही कायदेशीर संरक्षणं मिळत नाहीत.

दुसऱ्या वाटेत घर कायमच्या पायावर बसतं, चाकं, आस आणि पुढचा ओढायचा दांडा काढले जातात, टायटल सरकारी खात्याकडे परत जमा केलं जातं आणि घर जमिनीसकट एकच स्थावर मालमत्ता बनतं. कॅलिफोर्नियात त्यासाठी ४३३-ए नावाचा फॉर्म काउंटीत नोंदवला जातो. टेक्सासात स्टेटमेंट ऑफ ओनरशिपमध्ये घर स्थावर म्हणून दाखवावं लागतं. मग तीस वर्षांचं नेहमीचं मॉर्गेज मिळतं. स्वतःची जमीन असताना लोक केवळ घाईपायी पहिल्या वाटेने जातात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

थाटाचं घर घेणाऱ्यांना आणखी एक दार उघडं आहे. बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत, त्यांपैकी २०१८ मध्ये फॅनी मेने 'एमएच ॲडव्हांटेज' आणि फ्रेडी मॅकने 'चॉइसहोम' अशा योजना आणल्या. घराचं छत, पोर्च किंवा गराज, आतल्या ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्सम पाट्यांच्या भिंती, वीजबचत आणि पाया या बाबतीत ठरलेल्या अटी पूर्ण असतील, तर बांधीव घरासारख्या अटींवर कर्ज मिळतं. एमएच ॲडव्हांटेजमध्ये डाउन पेमेंट ३ टक्क्यांपर्यंत खाली येतं. अशा घरांना बाजारात क्रॉसमॉड म्हणतात. घर या योजनेत बसतं की नाही हे फॅक्टरीच ठरवते आणि डेटा प्लेटजवळ तसं स्टिकर लावते. 'नंतर अपग्रेड करून बसवू' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, स्टिकर फॅक्टरीतूनच यावं लागतं. दुसरा फायदा किंमत लावताना दिसतो. अशा घराची तुलना अप्रेझर, म्हणजे किंमत ठरवणारा, आसपासच्या बांधीव घरांशी करू शकतो, एरवी तो दुसरी मॅन्युफॅक्चर्ड घरं शोधत बसतो.

एच-१बी वर असणाऱ्यांनी हे नीट वाचा. एफएचएची, म्हणजे केंद्र सरकारचा विमा असलेली कर्जं मॅन्युफॅक्चर्ड घरांसाठी बरीच वापरली जातात, पण २५ मे २०२५ पासून कायमचं वास्तव्य नसलेल्यांना, म्हणजे ग्रीन कार्ड नसलेल्यांना ती मिळत नाहीत. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर डीलरला 'एफएचए करू' म्हणू देऊ नका, सुरुवातच फॅनी मे किंवा फ्रेडी मॅककडे कर्ज विकणाऱ्या बँकेपासून करा. डीलरच्या ओळखीच्या बँकेखेरीज निदान आणखी एका ठिकाणचा, शक्यतो स्थानिक क्रेडिट युनियनचा, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेचा, भाव घ्या. एकदा जागेवर बसवलेलं घर उचलून दुसरीकडे नेलं असेल, तर फॅनी मेच्या कर्जाला ते सहसा चालत नाही. म्हणून जुनं घर स्वस्तात घेऊन आपल्या जमिनीवर आणायचा बेत रोखीने जमणार असेल तरच करा.

आता डीलरकडे जा

मॉडेल होममध्ये पाऊल टाकलंत की दालचिनीचा वास, पडदे, बेटासारखा ओटा आणि सोनेरी नळ. त्यातलं निम्मं मूळ किमतीत नसतं. बसायच्या आधीच कागद मागा: या समोरच्या घरात मूळ किमतीतलं काय आणि वाढीव काय, ओळीओळीने. वाहतूक, उभारणी, दोन भाग जोडल्यावरचं फिनिशिंग, एसी, पायऱ्या, घराखालच्या मोकळ्या जागेभोवतीचं आवरण, प्रत्येकापुढे 'धरलंय' किंवा 'नाही' लिहून घ्या.

थाटाचं घर कशावरून ओळखायचं? भिंतीवर हात फिरवा. दर चार फुटांवर उभी पट्टी लागली तर ती कागद चिकटवलेली स्वस्तातली भिंत. सलग, टेप मारून रंगवलेली ड्रायवॉल हवी. जमिनीवर टाच आपटून बघा आणि खाली प्लायवूड, ओएसबी (लाकडाच्या चिपांचा दाबलेला बोर्ड) की पार्टिकल बोर्ड (भुशाचा), ते विचारा. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो आणि मग बाथरूमच्या दाराशी फरशी दबते. बाहेरच्या भिंतीचा सांगाडा दोन-बाय-चार इंची लाकडाचा नसून दोन-बाय-सहाचा असेल तर इन्सुलेशन जास्त मावतं. छताची उंची नियमाने सात फूट असली तरी पुरते, चांगल्या घरात ती नऊ फुटांपर्यंत मिळते, आणि बाहेरून घर 'मोबाइल होम'सारखं दिसणं कमी होतं ते छताच्या उतारामुळे. कमी उताराचं छत पुलाखालून सहज जातं म्हणून स्वस्त पडतं. चढा उतार हवा असेल तर छत बिजागऱ्यांवर दुमडून आणतात आणि जागेवर उभं करतात, त्याचे पैसे लागतात. ते द्यावेत असं माझं मत.

सिंकखालचं दार उघडून बघा. प्रत्येक नळाला स्वतःचा बंद करायचा कॉक आहे का? नसेल तर एक वॉशर बदलायला अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागेल. ड्रॉवर बाहेर काढून त्याचे कोपरे नुसत्या पिनांनी ठोकलेत की खाचा पाडून जोडलेत, ते पाहा. ओट्याच्या दगडापेक्षा हे ड्रॉवर फॅक्टरीबद्दल जास्त बोलतात.

आता किचन, आणि इथे आपल्या लोकांनी थोडं हट्टी व्हावं. हडच्या नियमाप्रमाणे किचनमधली हवा बाहेर फेकणारा, मिनिटाला १०० घनफूट क्षमतेचा पंखा हवा, पण तो शेगडीपासून आडव्या अंतरात दहा फुटांपर्यंत असला तरी चालतो. म्हणून अनेक घरांत छतात कुठेतरी एक पंखा असतो आणि शेगडीवर नुसता हवा गाळून परत किचनमध्येच सोडणारा हूड. ऑम्लेटला तो पुरतो. मोहरी-हिंगाची फोडणी, कांदा-लसणाचं वाटण परतणं, मासे तळणं याला तो अजिबात पुरत नाही, आणि ओपन किचन असल्याने वास सोफ्यात जाऊन बसतो. शेगडीच्या डोक्यावर थेट छताबाहेर किंवा भिंतीबाहेर जाणारा जोरदार हूड ऑर्डर देतानाच लिहून घ्या. फॅक्टरीत हे शंभर-दोनशे डॉलरांत भागतं की हजारांत, ते मॉडेलवर आहे, पण घर आल्यावर तयार छत फोडण्यापेक्षा नक्कीच स्वस्त.

पुढचं दार थेट हॉलमध्ये उघडतं, चपला काढायला जागा नसते. बरेच नकाशे युटिलिटी रूममधून आत येण्याचं दार देतात, तेच रोजचं दार करा. देवघराचा कोनाडा हवा तर त्या भिंतीत वायरचा एक पॉइंट मागून ठेवा. वास्तू बघत असाल तर फॅक्टऱ्या नकाशा डावा-उजवा उलटा करून देतात, शिवाय घर प्लॉटवर कसं फिरवायचं हे तुमच्या हातात असतं. आई-बाबांसाठीचं घर असेल तर न्हाणीघराचं दार रुंद घ्या, बाथटबऐवजी उंबरा नसलेला शॉवर आणि भिंतीत कठड्यासाठी आतून लाकडी आधार टाकून घ्या. भिंत बंद व्हायच्या आधी हा आधार बसवणं फॅक्टरीला सोपं पडतं.

इन्सुलेशनचे आर-आकडे (जितका जास्त तितकी उष्णता कमी निसटते) फरशी, भिंत आणि छत असे तिन्ही लेखी मागा. वीजबचतीचं एनर्जी स्टार लेबल असलेली मॉडेल्स मिळतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यासारख्या वादळी भागात वाऱ्याचा झोन तपासा. देशाचे असे तीन झोन केलेत. तिसऱ्या झोनसाठी बनलेलं घर पहिल्यात ठेवता येतं, उलट चालत नाही. शक्य असेल तर फॅक्टरी बघून या. बऱ्याच कंपन्या दाखवतात.

पाया आणि उभारणी

फॅक्टरीत तपासणी अधिकारी असतो, छताखाली कोरडं लाकूड असतं, साच्यावर काटकोनात कापलेले तुकडे असतात. बिघडतं ते बहुतेक वेळा जागेवर. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ओट्यावर वाचवा, इथे वाचवू नका.

कायमच्या पायासाठी लायसन्स असलेल्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्या. बँक ते मागतेच, आणि विकताना पुन्हा लागतं. पाया जितका बुटका तितकं घर जमिनीशी मिळून दिसतं, पण खाली माणूस शिरण्याइतकी जागा राहू द्या. नियम चॅसीखाली किमान १२ इंच मागतो, आणि पुढे पाइप गळला तर त्या १२ इंचांत कुठला प्लंबर आनंदाने शिरत नाही. जमिनीचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेने हवा: पहिल्या दहा फुटांत दर फुटाला अर्धा इंच. घराखाली मातीवर प्लॅस्टिकचा जाड थर अंथरलेला हवा, नाहीतर ओल वर चढते.

उभारणीच्या दिवशी सुट्टी काढा. दोन भाग जिथे जुळतात त्या रेषेत फट बंद करणारं सलग गॅस्केट बसलंय का, बघा. तिथूनच पुढे वारा आणि मुंग्या येतात. घराच्या पोटाला काळं जाड कापड असतं, वाहतुकीत ते फाटलं असेल तर लगेच शिवून किंवा टेप लावून घ्या, कारण त्याच्या वरच सगळं इन्सुलेशन असतं. दोन भागांना जोडणारा एसीचा मोठा डक्ट जमिनीवर लोळत नाही ना, तेही वाकून पाहा. ड्रायवॉलला दाराच्या कोपऱ्यांत बारीक भेगा प्रवासात पडतातच, घाबरू नका. त्या बुजवून रंगवणं उभारणीच्या करारात आहे की नाही, एवढंच महत्त्वाचं. शेवटचा हप्ता हे सगळं झाल्यावर द्या, आणि डीलरशी संबंध नसलेला इन्स्पेक्टर काही शे डॉलर देऊन आणा. अशा घरांच्या खाली शिरायची सवय असलेला हवा. नुसती अटारी बघून जाणारा नको.

पहिलं वर्ष

नवं घर माती दाबली जाताना थोडं बसतं. दारं घासायला लागली, खिडकी अडकायला लागली, की दोष दाराचा नसून पातळीचा असतो. वर्षभरात एकदा पातळी पुन्हा तपासून घ्या, उभारणी करणाऱ्याकडून ते आधीच ठरवून घेतलं असेल तर उत्तम. सुताराला बोलावून दार रंधून घेऊ नका.

फॅक्टरी, डीलर आणि उभारणी करणारा हे तिघे दोष एकमेकांवर ढकलण्यात पटाईत असतात. यासाठीच हडची तंटा सोडवण्याची सोय आहे, काही राज्यांची स्वतःची आहे. अट एवढीच की दोष घर पहिल्यांदा बसवल्यापासून एका वर्षाच्या आत कळवलेला असावा. फोनवर सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही. प्रत्येक दोष फोटोसकट, तारखेसह, ईमेलने तिघांनाही एकदमच पाठवा, आणि अकराव्या महिन्यात घर पुन्हा वरपासून खालपर्यंत बघून उरलेली यादी धाडून द्या. लाल पट्ट्यांचे आकडे, डेटा प्लेटचा फोटो, इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि टायटल जमा केल्याची पावती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या गिऱ्हाईकाची बँक पहिल्या दिवशी नेमके हेच चार कागद मागते.